अपमान, बाटली आणि पाचवे शील



कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की वस्तीतल्या घरोघरी पेटीतली कागदांची पिशवी बाहेर निघते. शाळा सोडल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पडताळणीची पावती. अर्जात एक रकाना धर्माचा असतो. तिथे आपली मुले 'बौद्ध' लिहितात आणि लिहिताना त्यांना संकोच वाटत नाही. वाटूही नये. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी आपल्या आजोबा-पणजोबांना जो धम्म दिला, त्याने गावाने चिकटवलेले नाव पुसले आणि मान वर करून सांगता येईल असे नाव दिले.

पण वाचणारा काय वाचतो? २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ८४ लाख बौद्ध होते, त्यातले सुमारे ६५ लाख एकट्या महाराष्ट्रात. म्हणून इथे 'बौद्ध' या शब्दावरून समोरचा लगेच जातीचा पत्ता काढतो. आडनाव काय, मार्क किती, कॅटेगरीतून का, हे प्रश्न पहिल्या काही दिवसांत होतात. नंतर कोणी विचारत नाही, कारण कळलेले असते. मग रूम बघायला गेले की मालक 'फक्त व्हेज' म्हणतो. प्रोजेक्टचे गट पडतात तेव्हा आपला मुलगा उरतो. स्कॉलरशिपची यादी नोटीस बोर्डावर लागली की मागून कोणीतरी हसते. ज्या धर्माने स्वाभिमान दिला, त्याच धर्माच्या नावाने मुलाला ओळखून बाजूला बसवले जाते.

आरोग्याच्या पानावर हे का, असे काही वाचक म्हणतील. दारूचा लेख समजू शकतो, भेदभावाचा कशाला? आम्ही दवाखान्यात वर्षानुवर्षे नर्सचे काम केले आणि आता ताडीवाला रोड, दांडेकर पूल, येरवडा, बोपोडी अशा भागांतल्या घरांत जातो. कॉलेजात जाणारी आणि पिऊ लागलेली जी मुले आमच्यापुढे बसली, त्यांना आम्ही 'का पितोस' असे विचारत नाही. त्याला उत्तर मिळत नाही. 'पहिल्यांदा कधी प्यालास, त्या दिवशी काय झाले होते' असे विचारतो. काही जण सांगतात, फ्रेशर्स पार्टी होती, सगळे घेत होते. पण काहींच्या उत्तरात दारू नंतर येते. आधी येते ती वर्गातली एखादी टिंगल, प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेत आडनाव ऐकून बदललेला चेहरा, किंवा मित्र समजत होतो त्याच्या घरी पाण्याचा वेगळा ग्लास.

या दोन प्रकारच्या पिण्यात फरक आहे. मजेसाठी पिणारा चार जणांत पितो आणि बहुधा परीक्षेच्या वेळी थांबतो. विसरण्यासाठी पिणारा हळूहळू एकटा पिऊ लागतो आणि परीक्षा जवळ आली की जास्त पितो. दोघे सारखीच दारू पीत असले तरी विसरण्यासाठी पिणाऱ्याला त्रास जास्त होतो, हे कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर परदेशात झालेल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. अमेरिकेतल्या काळ्या विद्यार्थ्यांचा अनुभव आपल्याला जवळचा आहे. ते गोऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा एकूण कमी पितात, आणि त्यामागे घर व चर्च यांचा आधार हे एक कारण मानले जाते. पण ज्याला वंशभेदाचे चटके जास्त बसतात, त्याच्यात दारूचे त्रासही जास्त आढळतात. म्हणजे धर्म आवरतो आणि अपमान ढकलतो. आपल्या मुलांच्या पोटातही हीच ओढाताण चालू असते.

अपमानावर दारू 'लागू' पडते, हीच अडचण आहे. ती मेंदूचे काम मंद करते, तेव्हा तास-दोन तास छातीतली धडधड शांत होते. नंतर झोप लागते, पण ती मोडकी असते. पहाटे जाग येते, आणि उतरत्या दारूत धास्ती आधीपेक्षा वाढलेली असते. सकाळचे लेक्चर बुडते, हजेरी कमी पडते. मग तोच वर्ग म्हणतो, यांचे असेच असते. मुलालाही एक दिवस ते खरे वाटू लागते. आमच्या मते सगळ्यात घातक टप्पा हाच. मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते. कायद्यानेही महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१ आणि बाकी दारूसाठी २५ वर्षांची अट आहे. आपली मुले हे सगळे सतरा-अठराव्या वर्षी सुरू करतात.

इथे एक खोटी समजूत खोडायला हवी. 'यांच्यात पितातच' हे वाक्य आम्ही स्टाफरूममध्येही ऐकले आहे आणि, वाईट म्हणजे, आपल्याच माणसांच्या तोंडूनही ऐकले आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी शंभरात साधारण १४ जण दारू पिणारे निघाले. म्हणजे शंभरातले ८६ पीत नाहीत. दारू कोणत्याही एका जातीची नाही. फरक नावात आहे. बंगल्याच्या गच्चीवर चालते ती पार्टी, आणि वस्तीतला मुलगा प्याला की ते संस्कार. पुण्यात दारूचा प्रश्न पूर्वी कोणी मांडला होता तेही सांगून ठेवू. १८८० साली जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. शहरात दारूची दुकाने वाढत होती, त्यांना जोतीरावांनी लेखी विरोध केला आणि लोकांच्या आरोग्याची नासाडी करणाऱ्या या दुकानांवर कर बसवा असे सुचवले. त्यांनी पिणाऱ्याला शिव्या देत बसण्याऐवजी दुकानावर बोट ठेवले.

आता आपल्या धम्माकडे येऊ. पंचशीलातले पाचवे शील मद्यापासून दूर राहण्याचे आहे, आणि बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. लहान पोरालाही हे पाठ असते. पण पाठ असणे आणि कळणे वेगळे. प्रत्येक शीलाच्या शेवटी आपण 'सिक्खापद' हा शब्द म्हणतो. सिक्खापद म्हणजे शिकण्याचा नियम. तो आपण स्वतः घेतो, वरून कोणी लादत नाही. मोडला तर नरकात टाकणारा कोणी बसलेला नाही. शिकणारा चुकतो आणि पुन्हा घेतो, म्हणून तर आपण दर वंदनेला तेच शील नव्याने घेतो. शिवाय या शीलात मद्याच्या जोडीने 'पमाद' हा शब्द आहे, म्हणजे गाफीलपणा. मद्य वाईट का, तर माणूस गाफील होतो म्हणून. सिगालोवाद सुत्तात बुद्धाने सिगाल या गृहस्थाच्या तरुण मुलाला दारूचे सहा तोटे मोजून दाखवले आहेत: पैसा जातो, भांडणे वाढतात, रोग जडतात, नाव जाते, लाज सुटते, बुद्धी क्षीण होते. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या यादीत आजच्या डॉक्टरला फारसे काही जोडावे लागणार नाही. त्यात पाप हा शब्द नाही, हेही पाहा.

तरीही घरात काय होते? मुलगा पितो हे कळले की पहिले वाक्य 'बाबासाहेबांचे नाव बुडवलेस' हे असते. बापाचा राग आम्हाला समजतो. स्वतः हमाली करून किंवा पालिकेत झाडू मारून मुलाला इंजिनिअरिंगला घातलेले असते. पण या वाक्याचा परिणाम आम्ही पाहिला आहे. कॉलेजात तो बौद्ध म्हणून नकोसा असतो, घरात बौद्ध म्हणून नालायक ठरतो. मग तो विहारात यायचा बंद होतो. पाठोपाठ आईही पौर्णिमेला यायची थांबते, कारण बायका विचारणार, पोरगा कुठे आहे. जिथे चार माणसे त्याला नावाने हाक मारतात ती एकच जागा होती, तीही सुटते. उरतात फक्त पिणारे मित्र. ते मात्र जात विचारत नाहीत, हे त्यांच्या बाजूने म्हणावे लागते, आणि ओढ तिथेच आहे.

मुलींचेही एक सांगतो. पिणाऱ्या मुली थोड्या आहेत, पण आहेत, आणि त्यांचे लपवणे दुप्पट असते. त्यांना वेगळा उपदेश नको. याच पानावरची सगळी माहिती त्यांनाही तशीच लागू आहे.

देशोदेशीच्या पाहण्यांत असे दिसते की नियमित प्रार्थनेला जाणारे तरुण कमी पितात. पण नुसते धर्माचे नाव लावून हे होत नाही. जाण्याने होते. तिथे ओळखीची माणसे असतात, हाताला काम असते, आणि 'नको' म्हणायला कारण मिळते. हे तिसरे फार कामाचे आहे. वारकरी माणूस माळ घालतो, मग त्याला कोणी आग्रह करत नाही. रमजानमध्ये मुसलमान मित्राला कोणी ग्लास पुढे करत नाही. आपल्याकडे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो, तो नेमका कॉलेजच्या पहिल्या तिमाहीत येतो. 'माझा वर्षावास आहे, तीन महिने घेत नाही' एवढे एक वाक्य होस्टेलच्या खोलीत मुलाला वाचवते. आमच्या माहितीतल्या एका विहारात वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतात, आणि वाचायचे काम कॉलेजच्या मुलांना वाटून देतात. ज्याची पाळी असते तो त्या संध्याकाळी शुद्धीवर असतोच. तीन महिने झेपले तर पुढचे तीन मागता येतात. जन्मभराची शपथ एकदम मागू नका.

विहार समित्यांना आमचे सांगणे आहे. प्यालेल्या अवस्थेत कोणालाही आत घेऊ नका, हे बरोबरच आहे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तोच मुलगा आंघोळ करून आला तर कालची गोष्ट दारात काढू नका. आणि १४ एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेपुढे झिंगून नाचणाऱ्यांकडे वर्गणीसाठी डोळेझाक करायची आणि कॉलेजच्या मुलाला शील शिकवायचे, हे मुलांना दिसते. त्यांना फार लवकर दिसते.

धम्म एवढे करू शकतो. भेदभाव मात्र वंदनेने थांबत नाही, त्याला तक्रारच लागते. १९१७ साली परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात पारशांच्या धर्मशाळेतून काठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढले. शहरात कोणी आसरा दिला नाही. ते बागेत बसले आणि रडले. पुढे त्यांनी ही सगळी हकीगत स्वतःच्या हाताने लिहून ठेवली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने ती छापली गेली आहे. रडणे कमीपणाचे नाही, हे मुलांना यातून सांगता येते. आणि लिहून ठेवणे हे काम आहे, हेही. काय झाले, कोणत्या तारखेला, कुठे, कोण बोलले, समोर कोण होते, हे त्याच रात्री वहीत लिहायला लावा. मनातले कागदावर उतरले की झोपही बरी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या नियमांनुसार कॉलेजात समान संधी कक्ष आणि भेदभाव-विरोधी अधिकारी असायला हवा. तो कोण, हे प्रवेशाच्या दिवशीच विचारा. जातिवाचक शिवीगाळ असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादला रोहित वेमुला गेला, २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. दोघांच्या आयांनी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली ती याच नियमांच्या अंमलबजावणीसाठी. मुलगा 'काही नाही गं आई' म्हणत असेल, पण जेवत नसेल, फोन उचलत नसेल, मरणाची भाषा करत असेल, तर आधी त्याच्याजवळ जा. दारूचा हिशेब नंतर.

आता थोडे दवाखान्यातले.

'थोडीच घेतो' म्हणजे किती, ते मोजायला शिका. १० ग्रॅम शुद्ध मद्यार्काला एक माप धरतात. ३० मिलि व्हिस्की किंवा रम म्हणजे एक माप. १८० मिलीची क्वार्टर म्हणजे सहा मापे. स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची एक बाटली म्हणजे जवळपास चार मापे. 'फक्त बिअर घेतली' या वाक्याला म्हणून फार अर्थ नाही. यकृत तासाला साधारण एकच माप पचवते. कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही.

मुलगा पिऊन बेशुद्ध पडला तर त्याला उताणा झोपवू नका. उलटी श्वासनलिकेत जाते आणि जीव जातो. कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे दुमडा, तोंड खाली झुकलेले ठेवा. जबरदस्तीने ओकारी काढू नका, तोंडात काही घालू नका. हाक मारून, चिमटा काढून जागा होत नसेल, ओठ निळसर असतील, अंग गार पडले असेल, दोन श्वासांत दहा सेकंदांचे अंतर पडत असेल, तर १०८ ला फोन करा. 'झोपून उतरेल' म्हणून एकटे सोडू नका. होस्टेलच्या मित्रांना हे आधीच सांगून ठेवा. बदनामीच्या भीतीने खोलीचे दार लावून घेतात आणि मुलगा हातचा जातो.

दारू सवयीत उतरली का, हे ओळखायला डॉक्टर चार प्रश्न विचारतात. पिणे कमी करावे असे कधी वाटले का? कोणी त्यावरून बोलले की चीड येते का? पिण्याबद्दल मनात खंत वाटते का? सकाळी उठल्या उठल्या हात स्थिर व्हायला प्यावी लागते का? दोन किंवा जास्त 'हो' आले तर दाखवायला न्या. हे प्रश्न मुलाने स्वतःला विचारायचे आहेत. पोलीस चौकीसारखी त्याची चौकशी करू नका.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरातल्या घरात एकदम तोडू नका. उद्यापासून बंद, म्हणून बापाने खोलीत कोंडले, असे घडते. अशा माणसाचे हातपाय थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, तिसऱ्या-चौथ्या दिवशी भ्रम होऊन तो भलतेच बोलू लागतो. यात जीव जाऊ शकतो. तोडायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली. औषधाने हा काळ सोपा जातो.

आणि जेवणात गुपचूप मिसळायची औषधे! भिंतीवर, रिक्षाच्या मागे जाहिरात असते, 'न सांगता दारू सोडवा'. आयाबहिणी काकुळतीला येऊन ती आणतात. पुडीत काय आहे ते विकणाराही सांगत नाही. दारू सोडवण्याचे डायसल्फिराम नावाचे खरे औषध आहे, पण ते घेतल्यावर माणूस प्याला तर तोंड लाल होते, ओकाऱ्या होतात, रक्तदाब कोसळतो आणि हृदयावर बेतू शकते. म्हणून ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच देतात. न सांगता देऊ नका. देवऋषी, गंडा, अंगारा यांबद्दल बौद्ध घरात वेगळे लिहायची गरज पडू नये, पण पडते. त्यावर खर्च केलेला पैसा तर जातोच, त्याहून मोठे नुकसान म्हणजे उपचाराचे महिने जातात.

दारू हा आजार होतो तेव्हा तो मधुमेहासारखा सांभाळावा लागतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या पाहणीनुसार देशात साधारण पावणेसहा कोटी लोकांना दारूमुळे मदतीची गरज आहे, आणि दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एखाद्यालाच काही उपचार मिळतात. पुण्यात राहून आपण त्या ३७ जणांत राहावे असे काही नाही. येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेले. ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. तिथे जाताना आधार कार्ड आणि रेशन कार्ड न्या. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभाही पुण्यात होतात, त्यांना फी नसते. तिथे ईश्वराचा उल्लेख होतो म्हणून आपली काही माणसे परत येतात. त्यांना आम्ही सांगतो, तिथे ज्याने त्याने आपापल्या समजुतीप्रमाणे आधार धरायचा असतो. तुम्ही समोर बसलेल्या माणसांच्या संघाचाच आधार धरा. घरच्यांसाठी अल-अनॉन नावाच्या वेगळ्या सभा असतात, तिथे आईने एकटीने गेले तरी चालते, मुलगा तयार नसला तरी.

व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे. मन खचले असेल, झोप नसेल, जीव द्यावासा वाटत असेल तर टेलिमानस, १४४१६. तिथे मराठीत बोलता येते, दिवसरात्र, आणि पैसे पडत नाहीत. रुग्णवाहिका १०८. हे तीन आकडे विहाराच्या फळ्यावर, वंदनेच्या वेळेच्या खाली, खडूने लिहून ठेवा. पुसले गेले की पुन्हा लिहा.